कापलेले चाळीस सेकंद

आमच्या खोऱ्यात साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्र्याहत्तर साली द्राक्षांचा संप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता? उत्तर ठरलेलं. 'मळ्याच्या फाटकाबाहेर, हातात झेंडा घेऊन.' आज जेवढे लोक हे सांगतात तेवढे खरंच तिथे उभे असते, तर मालकांनी पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी हात जोडले असते. हे मी एकदा पॉडकास्टवर बोलले, तर तीन म्हाताऱ्यांनी फोन करून मला शिव्या घातल्या. ते तिघंही तिथे नव्हते. मला ठाऊक होतं.

मी ओतिलिया बारागान. सव्वीस वर्षं स्पॅनिश रेडिओवर सकाळच्या बातम्या दिल्या. एकदा फवारणीने आजारी पडलेल्या एका मजूर बाईची मुलाखत घेतली. जाहिरातदाराला लागेल म्हणून रेडिओच्या मालकाने तिची चार वाक्यं कापली. पुढच्या आठवड्यात ती मला बाजारात भेटली. भांडली नाही. 'सेन्योरा, मी ते बोलले होते ना?' एवढंच विचारलं, स्वतःच्याच आठवणीवर शंका असल्यासारखं. मी त्या महिन्यात नोकरी सोडली.

मग माझ्या मुलीने, मायराने, सॅक्रामेंटोहून दोन माइक नि एक छोटं यंत्र पाठवलं आणि मी पॉडकास्ट सुरू केला. नाव 'सोब्रेमेसा'. जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून, कॉफी घेत आम्ही तासन्‌तास बसतो ना, त्याला आमच्यात सोब्रेमेसा म्हणतात. खरं बोलणं तेव्हाच होतं, हे मला रेडिओतल्या सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं, ते माझ्या आईच्या स्वयंपाकघरात आधीच कळलेलं होतं. पाहुण्याला शनिवारी दुपारी जेवायला बोलवायचं, आधी पोटभर जेवू घालायचं आणि कॉफी ओतली की यंत्र चालू करायचं. नगरसेवक आले, शाळा मंडळाच्या बाया आल्या, वकील आले, युनियनचे पुढारी आले, दोन्ही पक्षांचे आले. दर चार वर्षांनी आमची मतं मागायला येणारे लोक टाको खातानाचे फोटो काढून घेतात. मी त्यांना हाडांचं सूप देते. सूप पिताना पोज घेता येत नाही.

नियम एकच, आणि तो मी प्रत्येक भागाच्या सुरुवातीला म्हणते. 'या टेबलावर बोललेलं कापलं जात नाही. मंत्र्याचं नाही, मजुराचं नाही, माझंही नाही.'

हा नियम लोकांना फार आवडायचा. शाळा मंडळाच्या नेल्दा आरियागा कॉफीच्या दुसऱ्या कपावर बोलून गेल्या की त्यांची स्वतःची मुलं त्या आमच्या शाळेत घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनवर रडल्या. मी नाही कापलं. त्या निवडणूक हरल्या. तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! आता त्या दुकानात दिसल्या की मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहते.

एव्हारिस्तो लांदेरोस म्हणजे माझे कोम्पाद्रे. माझ्या मायराला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी हातात धरलं, ते तिचे धर्मपिता. असं नातं जुळलं की ते मरेपर्यंतचं. मग एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, ते कोम्पाद्रे नि मी कोमाद्रे, त्यांची बायकोही कोमाद्रे. बावीस वर्षं ते आमच्या सान लासारो गावचे नगरसेवक होते. कालव्यापलीकडच्या वस्तीत नळाला पाणी आलं ते त्यांच्यामुळे. सत्तराव्या वर्षी ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळासाठी उभे राहिले. आमच्या भागातून आजवर आपलं माणूस तिथे बसलंच नव्हतं. समोर उभा होता तो द्राक्षमळ्यांचा मालक, त्याच्या बापाचे मळे नि त्याच्या आजाचेही मळे.

निवडणुकीला सहा आठवडे राहिले होते तेव्हा ते आणि एल्विरा, त्यांची बायको, माझ्याकडे जेवायला आले. एल्विरा जेवणानंतर माझ्या शेजारणीकडे गेली. कॉफी ओतली, दालचिनीचा वास सुटला, मी नियम म्हटला, यंत्र चालू केलं.

तासभर छान गेला. पाणी, दवाखाना, रस्ते. आमची तरुण मुलं मत द्यायला का जात नाहीत यावर ते म्हणाले, "कोमाद्रे, त्यांना वाटतं मत म्हणजे आजीच्या घरचं काम. कुणीतरी करेलच."

मी हसले. मग माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "आणि त्र्याहत्तर साली तुम्ही कुठे होता?"

ते कपाकडे बघत राहिले. "फाटकाबाहेर होतो. पण आधी नऊ दिवस आत होतो."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. द्राक्षं तोडत होतो. एस्किरोल." आमच्याकडे हा शब्द मुलांसमोर काढत नाहीत. संपफोड्या. "मी एकोणीस वर्षांचा होतो. आईला मूत्रपिंडाचं दुखणं. पहाटे चारला ट्रक यायचा, आम्ही मागे ताडपत्रीखाली आडवे पडायचो. फाटकातून आत जाताना बाहेरचे ओरडायचे. त्यात माझ्या मामाचा आवाज मला ओळखू यायचा. दहाव्या दिवशी मी ट्रकमध्ये चढलो नाही. झेंडा घेऊन मामाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याने काही विचारलं नाही. पुढे तीन महिने उभा होतो, तुरुंगातही गेलो. ते सगळ्यांना माहीत आहे. नऊ दिवस कुणाला माहीत नाहीत. एल्विराला आहेत."

विचार करायला सवडच मिळाली नाही. मी म्हणाले, "कोम्पाद्रे, माझे वडीलही आत गेले होते. आईने मला मरताना सांगितलं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आम्ही एकाच ट्रकमध्ये होतो. त्यांनी मला त्यांची अर्धी तोर्तिया दिली होती. तुमच्या धाकट्या भावाच्या वेळी तुमच्या आईला दिवस गेले होते तेव्हा. तेही दहाव्या दिवशी माझ्याबरोबरच उतरले."

माझे वडील माकारियो बारागान. युनियनच्या हॉलच्या भिंतीवर त्यांचं दोन पुरुष उंच चित्र आहे. हाताची मूठ वर, मागे सूर्य. शाळेतली मुलं सहलीला येऊन त्याच्यासमोर फोटो काढतात. पन्नास वर्षं माझ्यासमोर बसलेला हा माणूस माझ्या घरी येऊन जेवत होता, त्या चित्राखालून जात येत होता, आणि त्याने कधी एक शब्द काढला नव्हता. आत्ताही काढला नव्हता. मीच काढला.

आम्ही दोघंही थोडे रडलो, थोडे हसलो. त्यांनी मला कापायला सांगितलं नाही. उठताना म्हणाले, "बरं झालं, कोमाद्रे. हे एकट्याने सांगायला मला कधी जमलं नसतं."

सोमवारी सकाळी मी तो भाग ऐकायला बसले. त्यांचे नऊ दिवस आले. ते काढायचे नव्हतेच. नेल्दा आरियागाच्या रडण्याला मी भीक घातली नव्हती, मग माझ्या कोम्पाद्रेसाठी नियम वाकवला तर लोक काय म्हणतील? हे मी स्वतःला अगदी ताठ मानेने सांगितलं. मग पुढे माझा आवाज आला. 'माझे वडीलही आत गेले होते.' मी थांबवलं. परत लावलं. भिंतीवरचं चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि त्याच्यावर कुणी लाल रंगाने काय लिहील तेही आलं. तेवढ्यात चमचा कपावर आपटल्याचा एक आवाज आहे. मी म्हटलं, हा आवाज फार कानाला लागतो, इथे जरा साफ करायला हवं. आणि चाळीस सेकंद काढून टाकले. जोड इतकी बेमालूम बसली की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं.

गुरुवारी भाग गेला.

दुपारपर्यंत सगळं खोरं ऐकून मोकळं झालं होतं. मालकाच्या माणसांनी नऊ दिवसांचा तेवढाच तुकडा काढला आणि तो दर दहा मिनिटांनी फोनांवर फिरायला लागला. पण खरं दुखणं त्यांचं नव्हतं. ते आमच्याच म्हाताऱ्यांचं होतं. न्हाव्याने एव्हारिस्तोंना खुर्चीवरून उठवलं नाही, पण केस कापताना एक शब्द बोलला नाही. युनियनने पाठिंबा काढला. कुणीतरी त्यांच्या दारात द्राक्षांची टोपली ठेवली, वर काळी फीत बांधून.

मी वाट बघत होते की ते मला फोन करतील. भांडतील. 'कोमाद्रे, बाकीचं कुठे गेलं?' असं विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चमच्याचं. फोन आला नाही.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला ते दोघं नेहमीच्या बाकावर बसले. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. तेव्हा सगळे वळून शेजाऱ्याचा हात हातात घेतात. एव्हारिस्तोंच्या पुढच्या बाकावरचे पुढेच बघत राहिले. मागचे गुडघ्यावर बसून प्रार्थनेत बुडाले, एकदम सगळे. त्यांचा हात पुढे आलेला तसाच होता. मी दोन बाक पुढे होते. गेले मागे. त्यांच्या हातात बोटं टेकवली आणि त्यांच्या टायकडे बघत राहिले.

"शांती असो, कोमाद्रे," ते म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

लोकांनी ते पाहिलं. बाहेर आल्यावर एक बाई मला म्हणाली, "तुझं मन मोठं बाई. तुझ्या वडिलांची मुलगी शोभतेस." मी काय बोलले असेन? मी म्हणाले, "शेवटी कोम्पाद्रे आहेत."

पुढचे गुरुवार एकामागून एक गेले. व्हिसाच्या वकिलावर एक भाग, नगरपालिकेच्या मतदारसंघांवर एक, एका तरुण पोरीवर एक, जी घरोघर जाऊन मतदारांची नावं नोंदवायची. दर सोमवारी मी ठरवायचे की या वेळी सुरुवातीलाच सांगून टाकायचं. यंत्रासमोर बसायचे. नियम म्हणायचे, 'माझंही नाही,' आणि पुढे जायचे. ऐकणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली होती. मोठ्या शहरातल्या एका वर्तमानपत्राने माझ्यावर लेख लिहिला. जिने आपल्या जिवलगालाही सोडलं नाही अशी बाई.

ते दोनशे बारा मतांनी हरले. पलीकडच्या वस्तीतल्या शेकडो लोकांनी कुणालाच मत दिलं नाही, तो रकाना कोरा ठेवला. एव्हारिस्तोंनीच आणलेल्या नळाचं पाणी पिऊन.

जानेवारीत कळलं की ते दोघं दूर उत्तरेला, याकिमाला चाललेत, मुलीकडे. घर भाड्याने दिलं होतं. मी सकाळी गेले तेव्हा सामानाचा ट्रक दारात उभा होता. एल्विराने मला पाहिलं, "या," म्हणाली आणि आत निघून गेली. कॉफी विचारली नाही. तिच्या दारात असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

कोम्पाद्रे ओसरीत बसून दिव्याच्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. "मी आज घालते ते. ते चाळीस सेकंद. शब्द न् शब्द. माझ्याकडे आहेत, पुसले नाहीत."

त्यांनी काच खोक्यात ठेवली. "आज?"

"आज. घरी जाते नि घालते."

"तो भाग गेला त्यानंतर निवडणुकीपर्यंत पाच गुरुवार होते, कोमाद्रे."

मी एक काच उचलून त्यांच्याकडे दिली.

"दर गुरुवारी सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून ऐकायचो. पहिल्या वेळी मी एल्विराला म्हटलं, थांब, आज सांगेल ती. नाही सांगितलं. म्हटलं, वडिलांचं आहे, सोपं नाही, पुढच्या वेळी. एल्विरा चिडायची. मी म्हणायचो, अगं, मला पन्नास वर्षं लागली, तिला तीन आठवडे तरी दे. चौथ्या गुरुवारी ती उठून अंगणात गेली. पाचवा मी एकट्याने ऐकला. त्या नावनोंदणीवाल्या पोरीचा." त्यांनी काचेवरचा कागद दाबून बसवला. "चांगली बोलली पोरगी."

"तुम्ही का नाही सांगितलं?" मी ओरडलेच. "तोंडाला काय कुलूप लागलं होतं? एका वाक्यात सुटला असतात! माकारियो बारागान माझ्या शेजारी होता, एवढं म्हणायचं!"

"आणि मतांसाठी मेलेल्या माणसाला ओढून आणायचं? तुमच्या वडिलांना?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "ते मी बोललो नव्हतो, कोमाद्रे. तुम्ही बोललात. मग ते ठेवायचं की काढायचं, तेही तुमच्याच हातात होतं."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, मोठ्याने, लहान पोरीसारखी. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि पुढची काच गुंडाळायला घेतली. ट्रकवाल्याने हाक मारली तेव्हा ते उठले. "मायराला सांगा, पत्ता कळवतो म्हणून," म्हणाले. मला काही कळवतो म्हणाले नाहीत.

त्या दुपारी मी तो तुकडा घातला. आधी दोन वाक्यं बोलले. मी कापलं, आणि का कापलं. चमच्याबिमच्याचं काही नाही. नंतर फोन उलटा करून ठेवला आणि शिव्यांची वाट बघत बसले. मला त्या हव्या होत्या. मनापासून हव्या होत्या.

शिव्या आल्याच नाहीत.

'केवढं धैर्य लागतं हे सांगायला!' 'सेन्योरा ओतिलिया, तुम्ही आम्हाला रडवलंत.' 'बायको पोटुशी, घरात पोरं, काय करणार होते बिचारे तुमचे वडील.' तीनशे-चारशे निरोप, सगळे असेच. युनियनच्या हॉलमधून सचिवाचा फोन आला. मला वाटलं, चित्र पुसणार. तो म्हणाला, "पुसायचं? छे! उलट आम्ही खाली एक ओळ लिहिणार आहोत, की तोही माणूस होता." दुसऱ्या दिवशी हॉलवरून गेले तर भिंतीच्या पायथ्याशी कुणीतरी फुलं ठेवली होती.

एव्हारिस्तोंचं नाव एकानेही काढलं नव्हतं.

मी प्रत्येकाला एव्हारिस्तोंबद्दल उत्तर लिहिलं. अगदी प्रत्येकाला. तोच ट्रक होता, तेच नऊ दिवस होते, तोही माणूस होता, त्याची आई आजारी होती, तो एकोणीस वर्षांचा होता. लोकांनी त्यावर हृदयाची चित्रं पाठवली. एकाने तेवढं लिहिलं, 'त्याचं वेगळं हो. तो राजकारणी.' मी त्याला फोन करून भांडले. तो म्हणाला, "सेन्योरा, तुम्ही फारच भल्या आहात." न्हाव्याकडे गेले, त्याला भर दुकानात विचारलं, आता काय म्हणतोस? त्याने कात्री खाली ठेवून माझ्या वडिलांसाठी क्रूसाची खूण केली.

आठवड्याने मायराकडून नंबर घेऊन मी याकिमाला फोन लावला. एल्विराने उचलला.

"ऐकलं त्यांनी," ती म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण फोन ठेवूनही दिला नाही तिने. मग अगदी हळू तिने विचारलं, "लोक काय म्हणताहेत तिकडे? यांच्याबद्दल?"

माझ्या तोंडात खरं उत्तर होतं. दोन शब्दांचं होतं, काहीच नाही.

"सगळे आठवण काढतात," मी म्हणाले. "म्हणतात, चुकलं आपलं. म्हणतात, त्यांना परत बोलवा."

"खरंच?"

"खरंच, कोमाद्रे."

ती फोन हातात घेऊनच आत गेली. मला तिची पावलं ऐकू आली, दार उघडलेलं ऐकू आलं, तिने त्यांना सांगितलेलं ऐकू आलं. मग ती परत बोलली, आणि तिचा आवाज इतका हलका झाला होता की मला तो ऐकवेना.

"ते विचारताहेत, कोण कोण?"

मी नावं सांगायला लागले.